गरोदरपणात हिरड्या सुजल्या, रक्त येतंय: कोणती गुळणी करावी, कशी करावी आणि काय टाळावं

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून थुंकीत रक्त दिसायला लागतं. हिरड्या लालभडक आणि फुगीर होतात, पेरू चावला की फोडीवर रक्ताचा डाग उमटतो. निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांना हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो. आठव्या महिन्यापर्यंत तो वाढत जातो आणि बाळंतपणानंतर ओसरायला लागतो. घरात, शेजारी आणि मोबाइलवर उपायांची कमतरता नसते: लवंगेचं तेल लाव, तुरटीने चूळ भर, कडुलिंबाची काडी चाव, मशेरी घास. यातले थोडे उपाय खरोखर आराम देतात, पुष्कळसे काहीच करत नाहीत आणि काही गरोदरपणात सरळ धोक्याचे आहेत. त्यामुळे कुठला उपाय कुठल्या गटात बसतो, हे आधी नीट कळायला हवं.

रक्त का येतं

प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरकं या काळात खूप वाढतात. त्यामुळे हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या पसरतात, त्यांतून द्रव जास्त पाझरतो आणि एरवी जो त्रास जाणवलाही नसता त्याने हिरड्या सुजून येतात. पण हा त्रास देणारं मूळ कारण दातांवरच असतं. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात जमणारा पांढुरका, चिकट, जंतूंनी भरलेला थर म्हणजे प्लाक. नखाने दात खरवडला तर तो नखाला लागतो. संप्रेरकं फक्त त्या थराविरुद्धची प्रतिक्रिया तीव्र करतात. दात स्वच्छ असतील तर संप्रेरकं वाढूनही हिरड्या फारशा बिघडत नाहीत.

हा थर काही दिवस तसाच राहिला की लाळेतल्या कॅल्शियममुळे घट्ट होतो आणि त्याचं किटण बनतं. खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला जिभेने चाचपून पाहा. तिथे खरखरीत कड लागत असेल तर ते किटण आहे. किटण कोणत्याही पाल्याने, काढ्याने किंवा तेलाने विरघळत नाही. ते दंतवैद्याकडच्या उपकरणानेच निघतं. वनस्पतींचं काम त्यापुढचं आणि मर्यादित आहे: सूज थोडी उतरवणं, जंतूंची वाढ जरा रोखणं, दुखऱ्या हिरडीला आराम देणं. गुळणी हा घासण्याचा पर्याय मानला की आजार वाढतो, कारण रक्त दोन दिवस थांबतं आणि थर जिथल्या तिथे राहतो.

आधी ब्रश

रक्त येतं म्हणून बहुतेक जणी त्या जागी ब्रश लावायचंच सोडून देतात. मग तिथेच थर साचतो, सूज वाढते आणि रक्त आणखी येतं. त्यामुळे रक्त येणारी जागा सोडायची नाही, तिथे जास्त लक्ष द्यायचं, फक्त हात हलका ठेवायचा.

मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या. केस फाकले असतील किंवा तीन महिने होऊन गेले असतील तर बदला. ब्रश दातावर आडवा न धरता तिरका धरा, म्हणजे अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर टेकतील. तिथल्या तिथे आठ-दहा वेळा बारीक हालचाल करा, मग ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवून घ्या आणि पुढच्या दोन दातांवर जा. आतली बाजू विसरू नका, रक्त बहुधा तिथूनच येत असतं. सगळं मिळून किमान दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यातही रात्रीची वेळ चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते. दातांच्या फटींत ब्रश पोहोचत नाही, तिथे रोज एकदा फ्लॉसचा दोरा किंवा फटीत घालायचा छोटा ब्रश फिरवा. टाचणीने किंवा काडीने कोरलं तर हिरडीला जखम होते.

फ्लोराइडची साधी पेस्ट गरोदरपणात सुरक्षित आहे. पेस्टच्या वासाने मळमळत असेल तर वाटाण्याएवढीच घ्या, सौम्य चवीची निवडा, किंवा सकाळी नुसत्या ओल्या ब्रशने घासून पेस्ट दुपारी-रात्री वापरा. ब्रश फार मागे गेला की ओकारी येते. मान थोडी पुढे झुकवून, नाकाने श्वास घेत घासलं की बऱ्याच जणींना सोपं जातं.

उलटी झाल्याझाल्या मात्र ब्रश करू नका. पोटातल्या आम्लाने दातांचा वरचा थर तेवढ्यापुरता मऊ झालेला असतो आणि घासल्याने तो झिजतो. पेलाभर पाण्यात एक छोटा चमचा खायचा सोडा ढवळा, त्याने दोन-तीन चुळा भरा आणि थुंकून टाका. ब्रश अर्धा ते एक तास थांबून करा. सोडा हाताशी नसेल तर साध्या पाण्याने चूळ भरणंही उपयोगी आहे. हा सोडा केवळ चुळेसाठी आहे, जळजळीवर म्हणून पिण्यासाठी नव्हे.

अशी साफसफाई नेमाने केली आणि किटण नसलं, तर एक ते दोन आठवड्यांत रक्त स्पष्ट कमी होतं. पहिले तीन-चार दिवस थोडं जास्त आल्यासारखं वाटेल, तेव्हा घाबरून थांबू नका.

घरच्या गुळण्या

पुढच्या प्रत्येक उपायाला एकच नियम लागू आहे: तोंडात फिरवायचं आणि थुंकायचं. गिळायचं नाही. बऱ्याच वनस्पती तोंडात थोडा वेळ राहिल्या तर चालतात, पण पोटात काढा म्हणून गेल्या तर गर्भावर काय परिणाम होईल याची खात्री देता येत नाही. दुसरं म्हणजे एका वेळी एकच उपाय करा. तीन उपाय एकत्र सुरू केले आणि तोंड आलं, तर ते कशाने आलं हे कळत नाही.

मिठाच्या पाण्याची गुळणी सगळ्यांत भरवशाची आहे आणि पहिली तीच करावी. एक पेला कोमट पाण्यात, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटरमध्ये, चहाचा अर्धा चमचा मीठ पूर्ण विरघळवा. घोट तोंडात घेऊन ३० सेकंद दातांच्या फटींतून जोर न करता फिरवा, थुंका. असं पेला संपेपर्यंत करा. जेवणानंतर आणि रात्री ब्रशनंतर, दिवसातून दोन-तीनदा पुरे. पाणी गरम नको, मनगटावर टाकलं तर जेमतेम उबदार लागावं. मीठ वाढवलं तर गुण वाढत नाही, हिरड्या कोरड्या पडून आग होते. रक्तदाब वाढलेला असेल किंवा पायांवर सूज असेल तर पाणी चुकूनही गिळलं जाऊ नये आणि शेवटी साध्या पाण्याने चूळ भरावी. मिठाचे खडे बोटाने हिरड्यांवर चोळण्याची पद्धत मात्र सोडून द्या, त्याने हिरड्या सोलवटतात.

पेरूची कोवळी पानं आपल्याकडे हिरड्यांसाठी पूर्वीपासून वापरतात आणि त्याला आधार आहे. त्यांत टॅनिन हे तुरट द्रव्य आणि सूज कमी करणारी द्रव्यं असतात. पाच-सहा कोवळी पानं नीट धुवा. दारच्या झाडाची असतील तर अलीकडे फवारणी झाली नाही ना, ते पाहा. दोन कप पाण्यात मंद आचेवर दहा-बारा मिनिटं उकळून एक कप करा, गाळा, कोमट होऊ द्या. मिठाच्या पाण्यासारखीच ३० सेकंदांची गुळणी, दिवसातून दोनदा. काढा रोज ताजा करावा. रात्रभर बाहेर राहिलेला काढा आंबतो, तो वापरू नका. दोन आठवड्यांहून जास्त सलग चालवू नका, कारण टॅनिनमुळे दातांवर तपकिरी छटा येते. बाभळीच्या सालीचा आणि डाळिंबाच्या सालीचा काढाही याच जातीचा, पण दोन्ही फार तुरट असतात आणि मळमळ असताना तोंडात धरवत नाहीत. पेरू हाताशी असताना त्यांची गरज पडत नाही.

हळदीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. हळदीच्या सौम्य गुळणीने हिरड्यांची सूज कमी होते, असं तपासून पाहिलेलं आहे. प्रमाण अगदी थोडं लागतं: पेलाभर पाण्यात चिमूटभर हळद घालून दोन मिनिटं उकळायची, स्वच्छ सुती कापडातून गाळायची आणि कोमट झाल्यावर गुळणी करायची. न गाळता वापरली तर कण हिरडीच्या कडेला अडकतात आणि टोचतात. अडचण आहे ती हळद कुठली यात. सुटी, भडक पिवळी हळद रंगवण्यासाठी लेड क्रोमेट या शिसं असलेल्या पिवळ्या रंगाची भेसळ केली जाते, आणि शिसं वारेतून थेट बाळापर्यंत पोहोचतं. गरोदरपणात शिशाचं थोडं प्रमाणही नको. म्हणून हळकुंड आणून घरी किंवा समोर दळून घ्या, नाहीतर ॲगमार्क असलेली बंद पाकिटातली घ्या. रोजच्या भाजीतल्या हळदीलाही हेच लागू आहे. कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीच्या अर्काच्या, गोळ्या किंवा कॅप्सूल मात्र या काळात नको, स्वयंपाकातली हळद आणि एकवटलेला अर्क यांच्या मात्रेत फार फरक असतो.

तेलाची गुळणी खोबरेल किंवा तिळाच्या तेलाने करतात. एक चहाचा चमचा तेल पुरतं. तोंडभर तेल घेऊन वीस मिनिटं धरायचा सल्ला गरोदर बाईने पाळू नये, जबडा दुखतो आणि ओकारी येते. ताठ बसून पाच मिनिटं हळू फिरवा. घशात गुरगुर करू नका. ओकारी येतेय असं वाटताच थुंकून टाका, कारण तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला त्रास होतो. सकाळी मळमळ असेल तर हे काम संध्याकाळी करा. तेल कागदात थुंकून कचऱ्यात टाका, थंडीत खोबरेल गोठून मोरी तुंबते. नंतर कोमट पाण्याने चूळ आणि ब्रश हवाच.

कोरफडीचा गर एखाद्या दुखऱ्या जागी लावायला चालतो, पण काढताना काळजी घ्या. पान कापलं की सालीलगत पिवळा, कडू चीक येतो. तो पोटात गेला तर जोरदार जुलाब होतात आणि गरोदरपणात तो वर्ज्य आहे. कापलेलं पान दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवून चीक निथळू द्या, धुवा, साल जाडसर काढा आणि मधला पारदर्शक गरच घ्या, तोही पुन्हा धुऊन. हरभऱ्याएवढा गर हिरडीवर पाच मिनिटं ठेवा, मग चूळ भरून थुंका. एवढा खटाटोप जमणार नसेल तर मिठाचं पाणी पुरेसं आहे.

हे करू नका

मशेरीबद्दल अगदी स्पष्ट बोलायला हवं. महाराष्ट्रात आणि गोव्यात कितीतरी घरांत बायका सकाळी तव्यावर भाजलेली तंबाखू दातांना लावतात आणि तिला व्यसन समजत नाहीत. दात घासायची ती एक रीत असं समजलं जातं. ती तंबाखूच आहे आणि तिच्यातलं निकोटीन तोंडाच्या त्वचेतून रक्तात जातं. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांच्या एका अभ्यासात, जो २००४ साली प्रसिद्ध झाला, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी सुमारे १०० ग्रॅमने कमी भरलं आणि प्रसूतीही सरासरी सहा दिवस आधी झाली. त्या बायकांत मशेरीचंच प्रमाण मोठं होतं. मशेरीने दात ‘मोकळे’ वाटतात, कारण बधिरपणा येतो. हिरडी मात्र खाली सरकत जाते. दुकानातल्या दंतमंजनात तंबाखू घालण्यावर १९९२ पासून बंदी आहे, पण तपकीर, गुल आणि घरची मशेरी मिळतेच. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड होते, सकाळी पोट साफ होत नाही. हात नेमक्या त्या वेळी मशेरीच्या डबीकडे जातो, म्हणून डबी घरातून काढा आणि त्या जागी ब्रश ठेवा. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतक्रमांक मोफत आहे. डॉक्टरांपासून मशेरी लपवू नका, विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा. सुपारीही याच रांगेत बसते.

लवंगेच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं. कापसाच्या बोळ्यावर घेऊन लावलं की दाताचं दुखणं बधिर होतं, पण सुजलेल्या हिरडीवर ते भाजल्यासारखे पांढरे चट्टे पाडतं आणि गिळलं गेलं तर यकृताला घातक ठरतं. हिरडीच्या आजारावर ते उपयोगाचं नाहीच. आमटीतली लवंग खुशाल खा, तेल लावू नका. टी ट्री, निलगिरी वगैरे सुगंधी तेलांचंही तसंच.

त्रिफळ्याच्या काढ्याने गुळणी करा, असं सर्रास सांगितलं जातं. त्रिफळ्यात हिरडा असतो आणि गर्भवतीने हिरडा खाऊ नये असं भावप्रकाशासारख्या जुन्या आयुर्वेदग्रंथातच सांगितलेलं आहे. गुळणी करून थुंकणं आणि खाणं यांत फरक आहे हे खरं, पण थोडं गिळलं जातंच. साधे पर्याय असताना हा कशाला निवडायचा? बाळंतपणानंतर वैद्यांना विचारून बघता येईल. कडुलिंबाचा रस आणि तेलही पोटात जाऊ नये. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कडुलिंबाचा गर्भधारणेवर विपरीत परिणाम दिसला आहे. कडुलिंबाच्या काडीने नाजूक हिरड्या फाटतात, म्हणून दातवणही सध्या बाजूला ठेवा.

ज्येष्ठमधाची काडी घशासाठी आणि तोंडासाठी चघळायची सवय असेल तर ती या नऊ महिन्यांत बंद करा. त्यातल्या ग्लिसिरायझिनने रक्तदाब वाढतो आणि जास्त खाण्याचा संबंध लवकर प्रसूतीशी आढळला आहे. तुरटीने हिरडी आकसते, म्हणून रक्त थांबल्याचा भास होतो. खाली थर तसाच राहतो आणि तुरटीच्या आम्लाने दात झिजतात. राखुंडी, कोळसा, लाल मंजन यांच्या खरखरीने दाताच्या मुळाशी खाच पडते. ज्या मंजनावर घटक लिहिलेले नाहीत ते कितीही ‘आयुर्वेदिक’ असलं तरी घेऊ नका.

औषधाच्या दुकानात जाण्याआधी

‘दाढ दुखतेय’ म्हटलं की काउंटरवरून बहुधा आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅकची गोळी मिळते. २० आठवड्यांनंतर या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. दुखणं फार असेल तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच. टेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविकं टाळायची, त्यांनी बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. उरलेला जुना कोर्स घरातल्या डब्यातून काढून घेऊ नका. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश दंतवैद्याने सांगितला तर बिनअल्कोहोलचा मागा, सांगितल्यापेक्षा जास्त दिवस वापरू नका आणि पेस्टने ब्रश केल्यावर अर्धा तास थांबून वापरा. पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा गुण कमी होतो.

दंतवैद्याकडे

दोन आठवडे नीट घासून, गुळण्या करूनही रक्त थांबलं नाही, किटण लागत असेल, दात हलत असेल किंवा तोंडाला घाण वास येत असेल तर घरगुती उपाय थांबवून दात साफ करून घ्या. किटण काढल्याने दात ढिले होतात हा समज चुकीचा आहे. ढिले ते आधीच झालेले असतात, किटणाने धरून ठेवल्यामुळे कळत नव्हतं एवढंच. दात साफ करणं गरोदरपणात केव्हाही सुरक्षित आहे. चौथा ते सहावा महिना सगळ्यांत सोयीचा असतो, मळमळ सरलेली असते आणि पोट फार मोठं झालेलं नसतं. पू झाला असेल, ताप असेल किंवा गाल सुजला असेल तर मात्र सोयीच्या महिन्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी जावं.

गेल्यागेल्या कितवा महिना आहे आणि कोणती औषधं चालू आहेत हे सांगा, माता आणि बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या. नंतरच्या महिन्यांत खुर्चीत पूर्ण उताणं झोपू नका. गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दबते आणि चक्कर येते. उजव्या कमरेखाली छोटी उशी घेऊन जरा डावीकडे कलून झोपायचं. भूल देण्यासाठी वापरतात ते लिग्नोकेन चालतं, आणि फारच गरज असेल तर एक्स-रेही संरक्षक ॲप्रन घालून काढता येतो. खर्चाची अडचण असेल तर ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतविभागाची चौकशी करा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात ही कामं कमी खर्चात होतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथे हिरड्यांचा विषय स्वतःहून काढा.

हिरडीवर दोन दातांच्या मध्ये लाल, मऊ गोळा आला तर कॅन्सरच्या भीतीने झोप उडते. गरोदरपणात असा गोळा काही जणींना येतो, जरा धक्का लागला की तो भळभळतो आणि बहुतेकदा बाळंतपणानंतर आक्रसतो. दोरा बांधून किंवा चिमट्याने काढायचा प्रयत्न करू नका, रक्त थांबवणं कठीण होतं. दंतवैद्याला दाखवा, तो बहुधा आसपासची सफाई करून थांबायला सांगेल.

हिरड्यांच्या जुनाट आजाराचा कमी दिवसांच्या प्रसूतीशी संबंध आढळतो, म्हणून घाबरवणारे बरेच जण भेटतील. उपचारांनी हिरड्या सुधारतात हे नक्की. पण हिरड्यांवर उपचार केल्याने वेळेआधीची प्रसूती टळते, असं मोठ्या चाचण्यांत दिसून आलं नाही. उपचार तुमच्या तोंडासाठी घ्या, ते कारण पुरेसं आहे.

रक्तातली साखर मात्र तपासून घ्या, कारण गरोदरपणातल्या मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आवरणं अवघड जातं. आहारात क जीवनसत्त्व हवं. गरोदरपणात रोज ८० मिलिग्रॅमची गरज असते आणि १०० ग्रॅम पेरूत २०० हून जास्त असतं, म्हणजे अर्धा पेरू पुरे. डोहाळ्यांत सारखं चिंचा, कैऱ्या, गोड तोंडात टाकणं होतं. खायचं ते एका वेळी खा आणि पाण्याने चूळ भरा.

दात स्वच्छ असूनही हिरड्यांतून आपोआप रक्त वाहत असेल, अंगावर निळे-जांभळे डाग उठत असतील, सोबत जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, वरच्या पोटात उजवीकडे दुखणं किंवा चेहऱ्यावर सूज असेल, तर हा प्रश्न हिरड्यांचा नाही. प्लेटलेट्स घटल्याची किंवा रक्तदाबाच्या गंभीर आजाराची ती खूण असू शकते. गुळण्या करत बसू नका, लगेच प्रसूतीच्या दवाखान्यात जा.

बाळंतपणानंतर हिरड्या आपोआप सुधारतील म्हणून काळजी सोडू नका. बऱ्याच घरांत बाळंतिणीला गार पाण्याला हात लावू देत नाहीत आणि त्या नादात ब्रशच बंद होतो, वर दिवसातून दोन-तीन वेळा डिंकाचे लाडू. कोमट पाणी घेऊन, अंथरुणात बसून वाटीत थुंकत ब्रश केला तरी चालतं. दीड-दोन महिन्यांनी हिरड्या एकदा दाखवून घ्या, आणि मशेरी सुटली असेल तर सव्वा महिन्यानंतर पुन्हा धरू नका, निकोटीन अंगावरच्या दुधातूनही बाळाकडे जातं.